इटालियन भाषेतील अकर्तृक क्रियारचना : मराठी भाषकांसाठी एक टिपण

रोमला उच्च धर्मशिक्षणासाठी जाणारे आपल्याकडील धर्मगुरू, इटलीतील रुग्णालयांत व वृद्धाश्रमांत सेवा करणाऱ्या धर्मभगिनी आणि घरोघरी वृद्धांची शुश्रूषा करून चरितार्थ चालविणारे आपले बंधुभगिनी या सर्वांची तेथे पाऊल ठेवताच इटालियन भाषेशी गाठ पडते. रोमच्या ग्रेगोरियन विद्यापीठात एके काळी व्याख्याने लॅटिनमधून होत असत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-१९६५) ती जागा मुख्यत्वे इटालियनने घेतली. त्यामुळे तेथे जाणाऱ्या विद्यार्थ्याला आरंभीचे काही महिने भाषावर्गातच काढावे लागतात.

या काळात शब्द पाठ होतात, क्रियापदांचे तक्तेही पाठ होतात. अडते ते ज्या वाक्यांना कर्ताच नसतो अशा वाक्यांपाशी. असे का व्हावे याचा विचार करता आम्हांला एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. आपला विद्यार्थी इटालियनकडे मराठीतून जात नाही, तर इंग्रजीच्या वळणाने जातो. इंग्रजीला कर्त्याची जागा रिकामी ठेवणे मानवत नाही. कोणी नसले तरी ती तेथे एखादे पोकळ सर्वनाम आणून बसवते. इटालियनला त्याची गरज नाही आणि मराठीलाही नाही. ज्या घरात 'उजाडले', 'मळमळते', 'जावे लागेल', 'बोलवत नाही' असे रोज बोलले जाते, त्या घरातल्या माणसाला अकर्तृक रचना नवी नाही. तिची इटालियनमधील रूपे, आणि मराठी कोठे साथ देते व कोठे चकवते, ते या टिपणात सांगावयाचे आहे.

उच्चारांविषयी प्रथम दोन शब्द. पुढे इटालियन शब्द नागरीत दिले आहेत. त्यांतील 'च' सर्वत्र 'चिमणी'मधला आणि 'ज' 'जीवन'मधला समजावा. 'मांजा' हे क्रियापद (अर्थ : खातो, खाते) आपण पतंगाच्या मांजासारखे उच्चारले, तर समोरच्यास काही बोध होणार नाही.

ज्यांना कर्ता ठाऊकच नाही अशी क्रियापदे

मराठी व्याकरणात 'भावकर्तृक क्रियापद' अशी एक संज्ञा आहे. 'उजाडले', 'सांजावले', 'गडगडते', 'उकडते' यांत क्रियेचा भाव हाच कर्ता. निराळा कर्ता दाखविता येत नाही. इटालियनमधील 'प्योव्हे' (पाऊस पडतो), 'नेव्हिका' (बर्फ पडते), 'त्वोना' (गडगडते), 'आल्बेज्जा' (उजाडते) ही याच जातीची आहेत. ती तृतीय पुरुषी एकवचनातच येतात. 'फा काल्दो' म्हणजे उकडते, 'फा फ्रेद्दो' म्हणजे थंडी आहे. येथे 'फा' हे 'करणे' या क्रियापदाचे रूप असले तरी करणारा कोणीही नाही. भूतकाळ करताना पावसाच्या क्रियापदाला 'असणे' आणि 'जवळ असणे' या अर्थाची दोन्ही साहाय्यके चालतात. 'ए प्योव्हूतो' म्हटले काय आणि 'आ प्योव्हूतो' म्हटले काय, पाऊस पडून गेलेलाच असतो. याहून अधिक वेळ येथे घालविण्याचे कारण नाही.

'बिसोन्या' आणि आपले 'लागणे'

इटलीत पहिल्याच आठवड्यात कानावर पडणारे आणि शेवटपर्यंत सोबत करणारे क्रियापद म्हणजे 'बिसोन्या'. 'बिसोन्यो' म्हणजे गरज. त्यावरून हे क्रियापद. 'बिसोन्या आन्दारे' म्हणजे जायला हवे, जावे लागते. कोणी जायचे ते वाक्य सांगत नाही. याची रूपेही मोजकीच व्यवहारात येतात : वर्तमानकाळी 'बिसोन्या', अपूर्ण भूतकाळी 'बिसोन्याव्हा', भविष्यकाळी 'बिसोन्येरा', आणि संकेतार्थी 'बिसोन्येरेब्बे'. या शेवटच्या रूपाकडे आपण पुढे पुन्हा येऊ. 'मी', 'तू', 'आम्ही' यांची रूपे शोधत बसू नये.

याच्यापुढे क्रियापदाचे मूळ रूप थेट येते, मध्ये अव्यय नको. 'बास्ता' (पुरे, एवढे केले की झाले), 'कोन्व्येने' (हिताचे आहे) आणि 'ए नेचेस्सार्यो' (आवश्यक आहे) यांचेही तसेच. नवशिके 'बिसोन्या दि आन्दारे' असे म्हणतात. त्याचे कारण 'ओ बिसोन्यो दि' (मला अमक्याची गरज आहे) हा दुसरा प्रयोग त्यांच्या डोक्यात मिसळलेला असतो. दोन्ही अलग ठेवावेत. शिवाय 'बिसोन्या'ला वस्तू जोडता येत नाही. पुस्तक हवे असेल तेथे 'ओक्कोर्रे' किंवा 'चि व्वोले' वापरावे लागते.

या 'चि व्वोले'ची मराठी जोडी इतकी नेमकी आहे की ती लक्षात न घेणे म्हणजे आयता मिळालेला ठेवा नाकारणे होय. 'चि व्वोले पात्स्येन्त्सा' : धीर लागतो. 'चि व्होल्योनो त्रे ओरे' : तीन तास लागतात. लागणारी वस्तू एकवचनी असली की क्रियापद एकवचनी, अनेकवचनी असली की अनेकवचनी. मराठी भाषक 'तीन तास लागतो' असे झोपेतही म्हणणार नाही. तोच मनुष्य इटालियनमध्ये मात्र 'चि व्वोले त्रे ओरे' म्हणून जातो, कारण त्याच्या मनात त्या वेळी इंग्रजी वाक्य घोळत असते.

आणखी एक साम्य आहे. 'लागणे'चा मूळ अर्थ स्पर्श होणे, भिडणे. इटालियनमध्ये 'तोक्कारे' म्हणजे स्पर्श करणे, आणि त्याचाच 'मि तोक्का आन्दारे' असा प्रयोग होतो : मला जावे लागते. त्यात थोडी नाखुषीची छटाही असते, जशी आपल्या 'जावे लागते'मध्ये असते. दोन भाषांचा परस्परांशी दूरचाच संबंध असताना कर्तव्याची कल्पना दोघींनी स्पर्शातून केली, याचे आम्हांला कौतुक वाटते. अर्थात 'मि तोक्का'मध्ये 'मला' आहे, 'बिसोन्या'मध्ये नाही. 'मला जावे लागते' याचे सरळ, निर्विकार भाषांतर हवे असेल तर 'देव्हो आन्दारे' म्हणावे. तेथे 'मी' हाच कर्ता होतो.

'बिसोन्या'पुढे कोण ते सांगायचेच असेल, तर 'के' हे अव्यय घालून क्रियापद विध्यर्थासारख्या रूपात न्यावे लागते : 'बिसोन्या के तु व्हादा', तू गेले पाहिजेस. हे रूप शिकविताना वर्गात नियमांची लांबलचक यादी दिली जाते. आमचा अनुभव असा की मराठीतील 'असावा', 'जावे' ही रूपे डोळ्यांसमोर ठेवली की निम्मे काम होते. 'सेंब्रा के सिया मालातो' : तो आजारी असावा असे दिसते. 'सेंब्रा के प्योव्हा' : पाऊस पडत असावा असे वाटते. ज्या ठिकाणी मराठी 'आहे' सोडून 'असावा' म्हणते, त्या ठिकाणी पुष्कळदा इटालियनही आपले रूप बदलते.

'सि' : एक अक्षर, तीन कामे

आता या विषयाच्या गाभ्याकडे वळू. 'सि' हे छोटे सर्वनाम क्रियापदाच्या आधी येते. (होकारार्थी 'सी' निराळा. लेखनात त्याच्या स्वरावर आघातचिन्ह असते.) मुळात ते 'स्वतःला' या अर्थाचे आहे : 'सि लाव्हा' म्हणजे तो स्वतःला धुतो, अंग धुतो. तेथून ते कर्मणी अर्थाकडे गेले, आणि तेथून अकर्तृक अर्थाकडे. संदर्भ पाहूनच कोणते काम चालले आहे ते ओळखावे लागते.

कर्म नसेल तर रचना सोपी आहे. 'क्वि सि मांजा बेने' : येथे जेवण चांगले मिळते, किंवा शब्दशः, येथे चांगले खाल्ले जाते. 'कोमे सि दिचे?' : असे कसे म्हणतात? हा प्रश्न प्रत्येक विद्यार्थ्याने विमानातच पाठ करावा. त्याच्यापुढे कोणताही शब्द ठेवला की काम भागते. 'नोन सि सा माय' : काही सांगता येत नाही. दारावर टकटक करून 'सि प्वो?' असे विचारतात, तेव्हा आपल्या 'येऊ का?' एवढाच त्याचा अर्थ असतो.

कर्म असेल तर क्रियापद कर्माच्या मागे जाते. 'सि व्हेंदे पाने' : पाव विकला जातो. 'सि व्हेंदोनो लिब्रि' : पुस्तके विकली जातात. 'सि पोस्सोनो व्हेदेरे इ मुसेइ' : संग्रहालये पाहता येतात. येथेही मराठी वाक्यात 'येते' नसून 'येतात' आहे, याची नोंद घ्यावी. भूतकाळात तर लिंगही जुळवावे लागते : 'सि ए व्हिस्ता उना लूचे', एक ज्योत दिसली; 'सि सोनो व्हिस्ति मोल्ति पेल्लेग्रीनि', पुष्कळ यात्रेकरू दिसले. 'आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, आंबे खाल्ले' हा कर्मणी प्रयोग ज्यांच्या जिभेवर आहे त्यांना हे जुळविणे जड वाटण्याचे कारण नाही.

कर्माच्या जागी सर्वनाम आले की चित्र पालटते. 'सि व्हेदोनो इ रागात्सि' (मुले दिसतात), पण 'लि सि व्हेदे' (त्यांना पाहिले जाते). क्रियापद पुन्हा एकवचनी. मराठीतही 'मुली पाहिल्या', परंतु 'मुलींना पाहिले'. 'ना' हा प्रत्यय लागताच क्रियापद कर्माचा हात सोडते आणि भावे प्रयोग होतो. हे साम्य आम्ही इटालियनच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात पाहिलेले नाही, आणि ते साहजिकच आहे. ती पुस्तके मराठी माणसासाठी लिहिलेली नसतात. मात्र भूतकाळात ही सोबत तुटते. इटालियनमध्ये 'लि सि ए व्हिस्ति' असे म्हणतात, म्हणजे साहाय्यक एकवचनी आणि धातुसाधित मात्र अनेकवचनी.

क्रियापद मुळातच 'स्वतःला' या अर्थाचे असेल तर दोन 'सि' शेजारी येतील. भाषेला ते कर्णकटू वाटले असावे. तिने पहिल्या 'सि'च्या जागी 'चि' घातला. 'चि सि आल्त्सा प्रेस्तो' : लवकर उठतात, लवकर उठले जाते. हा 'चि' विसरला आणि नुसते 'सि आल्त्सा' म्हटले, तर अर्थ 'तो उठतो' असा होतो आणि ऐकणारा 'कोण?' असे विचारतो. सर्वनामांच्या ओळीत 'सि' शेवटी उभा राहतो : 'लो सि सा' (ते ठाऊकच आहे), 'मि सि दिचे' (मला सांगण्यात येते). त्याच्याही पुढे जाणारे एकच सर्वनाम, ते म्हणजे 'ने', आणि त्याच्या संगतीत 'सि'चा 'से' होतो : 'से ने पार्ला', त्याविषयी बोलले जाते.

एक गोष्ट मात्र मराठीच्या मदतीने उलगडत नाही. 'सि'बरोबर क्रियापद एकवचनी, पण विशेषण अनेकवचनी : 'सि ए कोन्तेन्ति', माणूस समाधानी असतो, 'सि ए स्तांकि', थकायला होते. व्याकरण एकाची गणना करते, अर्थ अनेकांचा असतो. भूतकाळात साहाय्यक नेहमी 'असणे' हेच. ज्या क्रियापदाचे एरवीचे साहाय्यकही तेच आहे त्याचे धातुसाधित अनेकवचनी होते, 'सि ए आर्रिव्हाति' (पोहोचणे झाले); ज्याचे एरवीचे साहाय्यक 'जवळ असणे' आहे त्याचे एकवचनीच राहते, 'सि ए मांजातो' (खाणे झाले). हे पाठच करावे, तर्काने हाती लागत नाही.

उलट, स्वामित्व दाखविताना मराठी पुन्हा मदतीला येते. अकर्तृक वाक्यात 'त्याचा' किंवा 'तिचा' चालत नाही, 'प्रोप्र्यो' लागतो. आणि तो म्हणजे आपला 'आपला' हाच शब्द. 'सि आमा ला प्रोप्रिया माद्रे' : आपल्या आईवर प्रेम असतेच.

जाहिरातींत हा 'सि' कधी क्रियापदाच्या शेपटीला चिकटतो. 'व्हेंदेसि' (विकणे आहे), 'आफ्फित्तासि' (भाड्याने देणे आहे), 'चेर्कासि' (पाहिजे) अशा पाट्या घराच्या शोधात हिंडणाऱ्यास रोज वाचाव्या लागतात. आपल्याकडील 'पाहिजेत' या छोट्या जाहिरातींचीच ही भावंडे. तस्कनी प्रांतात तर 'नोय सि व्हा' असेही बोलतात. 'आम्ही जातो' एवढाच अर्थ, पण रचना अकर्तृक. ऐकून समजले म्हणजे पुरे, परीक्षेत लिहू नये.

जुन्या मराठीतील आठवण

ज्यांनी सेमिनरीत लॅटिन किंवा शाळेत संस्कृत घेतले त्यांना हा सारा प्रकार ओळखीचा वाटेल. संस्कृतचे 'गम्यते' आणि लॅटिनचे 'इतुर' ही एकाच अर्थाची रूपे : जाणे घडते, कोण जातो ते अध्याहृत. मराठीनेही ही वाट सोडलेली नाही. ज्ञानेश्वरांच्या काळच्या मराठीत 'करिजे', 'बोलिजे', 'म्हणिजे' अशी कर्मणी रूपे सर्रास आढळतात. ती मागे पडली, पण त्यांतील दोन अजून आपल्या तोंडी आहेत. 'पाहिजे' हे मुळात 'पाहणे'चे कर्मणी रूप, आणि 'म्हणजे' हे 'म्हणणे'चे, म्हणजेच 'म्हटले जाते', म्हणजेच इटालियन 'सि दिचे'. दिवसातून शंभर वेळा 'म्हणजे' म्हणणाऱ्या माणसाने 'सि'ला बिचकावे, हे जरा विनोदीच आहे.

रुग्णाच्या तोंडची भाषा

रुग्णालयात व वृद्धाश्रमात काम करणाऱ्यांसाठी हा भाग सर्वांत महत्त्वाचा. दुखणे सांगताना इटालियन मनुष्य स्वतःला कर्ता करीत नाही. तो मराठी माणसाप्रमाणे 'मला' म्हणतो. 'मि फा माले ला गांबा' : माझा पाय दुखतो. 'मि फान्नो माले ले गांबे' : पाय दुखतात. 'मि जिरा ला तेस्ता' : मला गरगरते. 'मि मांका इल फ्यातो' : मला श्वास पुरत नाही. 'मि व्ह्येने दा व्होमितारे' : मला मळमळते, उलटी होईलसे वाटते. या शेवटच्या वाक्याला मराठीप्रमाणेच कर्ता नाही. इंग्रजीतून विचार करणारी परिचारिका या वाक्यांत 'मी' शोधत राहते आणि क्षणभर गोंधळते. मराठीतून ऐकणारीला ती वाक्ये सरळ पोहोचतात. खाटेपाशी तो क्षण मोलाचा असतो. 'फा' आणि 'फान्नो' यांतला फरक ऐकू आला तर एक पाय दुखतो की दोन्ही, हेही कळते.

'मि प्याचे' (मला आवडते) व 'मि प्याच्चोनो' (मला आवडतात) यांची घडणही हीच. ही दोन रूपे पक्क्या अर्थाने अकर्तृक नव्हेत, कारण आवडणारी वस्तू हाच त्यांचा कर्ता. पण शिकताना ती येथेच ठेवणे सोयीचे.

मात्र येथेच मराठीचा चकवाही आहे. 'मला भूक लागली', 'मला तहान लागली', 'मला थंडी वाजते', 'मला झोप आली' या वाक्यांत आपण 'मला' म्हणतो म्हणून इटालियनमध्ये 'मि' घालू नये. तेथे मनुष्य कर्ता होऊन बसतो आणि भूक जवळ बाळगतो : 'ओ फामे', 'ओ सेते', 'ओ फ्रेद्दो', 'ओ सोन्नो'. हवेत थंडी असेल तर 'फा फ्रेद्दो'; आजोबांना थंडी वाजत असेल तर 'आ फ्रेद्दो'. खिडकी लावायची की अंगावर आणखी एक पांघरूण घालायचे, हे त्या एका अक्षरावरून ठरते.

कर्ता लपतो तेव्हा

अकर्तृक रचनेने बोलणे मऊ होते, आणि जबाबदारी धूसर होते. 'सि ए देचिसो दि रिमान्दारे ला रिउन्योने' : सभा पुढे ढकलण्याचे ठरले आहे. कोणी ठरविले? वाक्य मौन पाळते. आपल्याकडील परिपत्रकांतील 'करण्यात येत आहे', 'ठरविण्यात आले आहे' हा प्रकार ज्यांच्या परिचयाचा आहे त्यांना हे वळण नवे नाही. आम्ही स्वतः संपादनाच्या कामात अशी वाक्ये आली की शक्य तेथे कर्त्याचे नाव विचारून घेतो. पापनिवेदनासाठी इटालियन शिकणाऱ्यांसही सांगावेसे वाटते की तेथे 'सि' कामाचा नाही. 'हातून चूक होते' असे म्हणणे व 'मी चूक केली' असे म्हणणे यांत कोणत्याही भाषेत अंतर आहे.

परंतु इटलीत राहणाऱ्यास याहून रोजची अडचण येते ती आज्ञेची. सभ्य इटालियन मनुष्य आपल्या सहकाऱ्यास 'हे कर' असे क्वचितच म्हणतो. तो म्हणतो, 'बिसोन्येरेब्बे काम्ब्यारे ले लेन्त्स्वोला', चादरी बदलायला हव्या होत्या, बदलल्या तर बरे. व्याकरणदृष्ट्या हे कोणालाही उद्देशून नाही; व्यवहारात ते बहुधा समोर उभ्या असलेल्या व्यक्तीलाच उद्देशून असते. नवखी सिस्टर ते सर्वसामान्य विधान समजून होकार देते आणि आपल्या कामाला जाते. संध्याकाळी चादरी तशाच असतात. मग एकीला वाटते की हिला सांगून उपयोग नाही, आणि दुसरीला कळतच नाही की आपल्याला काही सांगितले होते. भिंतीवरील 'सि प्रेगा दि' (कृपया अमुक करावे) या पाटीतही आज्ञा असतेच, पण ती सर्वांना असते. तोंडी आलेले 'बिसोन्येरेब्बे' मात्र आपल्याकडे बघून आले आहे काय, हे पाहावे लागते.

शंका आली तर विचारण्यास इटालियनमध्ये दोन छोटी वाक्ये आहेत, आणि दोन्हींत लपलेला कर्ता बाहेर येतो. 'तोक्का आ मे?' म्हणजे माझ्याकडे आहे का हे काम, माझी पाळी का. आणि 'लो फाच्चो यो?' म्हणजे मी करू का? दुसरे अधिक बरे. त्याला उत्तर म्हणून बहुतेक वेळा 'ग्रात्स्ये' येते, आणि चादरी कोणी बदलायच्या ते ठरून जाते.